आधी रक्त, मग नाव

नरसम्मा गुंडेटींच्या दंडाला रबरी पट्टा आवळून केतकी बनसोडे क्षणभर थांबली. तिच्या डाव्या तर्जनीच्या टोकातून निघालेला हिरवा प्रकाश नरसम्मांच्या कोपराच्या खळगीत पडला होता. ती तर्जनी आणि तो सबंध हात यंत्राचा होता. बोटाच्या टोकातून आधी अवरक्त किरण जात. शिरेतलं रक्त ते शोषून घेई, आजूबाजूचं मांस परत पाठवी आणि त्या फरकाचं चित्र हिरव्या उजेडात कातडीवर उमटे. शिरा गडद रेघांसारख्या दिसत. इतर रुग्णांच्या तरी दिसत. नरसम्मांच्या हातावर दोन केमोथेरपींनंतर नुसता गढूळपणा दिसत होता.

“दिसालंय का काय?” नरसम्मांनी विचारलं.

“एक दिसतेय, मावशी.”

“मागच्या टायमालाबी एकच दिसलेली. फसवी निघाली ती.”

हीसुद्धा फसवी निघाली. सुई आत गेली, नळी कोरडी राहिली. केतकीनं दुसऱ्या हातावर पाहिलं, मग मनगटाच्या पाठीवर. तिसऱ्या टोचणीला नरसम्मांनी डोळे मिटून घेतले, पण हात हलवला नाही.

“पहिल्यासारखं बोटानं बघ की गं,” त्या म्हणाल्या. “उजेडाला काय कळतंय? चाळीस वर्सं इड्या वळल्या मी. पानात तंबाखू किती पडली, कधी बघितलं नाय. बोट सांगायचं. डोळे टीव्हीकडं.”

“हे बोट सांगत नाही, मावशी,” केतकी म्हणाली. आज कोणता वार आहे ते सांगावं, तशा आवाजात.

शेवटी डॉक्टरांनी जांघेतल्या मोठ्या शिरेतून रक्त काढलं. ते दर खेपेला करण्यासारखं नव्हतं. नरसम्मांच्या छातीत औषधासाठी बसवलेली नळी जंतुसंसर्गामुळे काढावी लागली होती आणि जखम पुरती भरेपर्यंत नवी बसवता येणार नव्हती. प्रत्येक केमोच्या आधी पांढऱ्या पेशी मोजणं मात्र अटळ होतं.

तीन वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावर केतकीची स्कूटर ट्रकखाली गेली, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला होता, “डावाच गेला, उजवा वाचला, देवाची कृपा.” रक्त काढणाऱ्यांना असं वाटत नाही. सुई उजव्या हातात असते, पण शीर शोधते ती डाव्या हाताची तर्जनी. शीर डोळ्यांना दिसो न दिसो, बोटाखाली ती किंचित उसळते, दाबली की परत वर येते. सुई आत जाईपर्यंत त्याच बोटानं तिला जागेवर धरून ठेवायचं असतं. केतकीनं उजव्या बोटानं शोधून पाहिलं होतं. सुई घेण्यासाठी ते बोट उचललं की शीर निसटे. सोलापूरच्या त्या कर्करोग रुग्णालयात तिच्यानंतर आलेल्या कुणालाच बोटानं शीर शोधणं ठाऊक नव्हतं. ते सगळे हिरव्या उजेडातच शिकलेले होते.

*

तंत्रनिकेतनात यंत्रमापन शिकवणाऱ्या फैयाज मुल्लांचा पत्ता तिला हाडांच्या दवाखान्यातून मिळाला. त्यांचा उजवा हात लेथवर गेला होता. त्यांनी केतकीचा हात टेबलावर ठेवून त्याचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

“हात उत्तम आहे तुमचा,” ते म्हणाले. “या एका बोटाच्या टोकात तीनशे संवेदक आहेत. त्यातले दोनशे सत्त्याण्णव कंपनीनं झोपवून ठेवलेत.”

“का?”

फैयाज सरांनी खडू घेतला. वर्गात नसतानाही त्यांना फळा लागे. हात तुटला तरी त्याच्याकडे जाणाऱ्या नसा दंडात जिवंत असतात, त्यांनी सांगितलं. केतकीच्या दंडात त्या नसांभोवती केसाइतक्या बारीक तारांचं कडं बसवलेलं होतं. बोटाला स्पर्श झाला की त्या तारांमधून नसेला विजेचे ठोके मिळत. खऱ्या बोटात वेगवेगळे तंतू असतात. काही स्पर्श सुरू होताच ओरडतात आणि गप्प होतात. काही दाब असेपर्यंत बोलत राहतात. काहींना फक्त थरथर कळते. या सगळ्यांची बेरीज म्हणजे कापड, कातडी, शीर.

“आणि तुमच्या हातावर चालणारी ऑर्टेला प्रणाली या सगळ्याचे फक्त तीन शब्द करते. लागलं, दाबलं, धोका. सुरुवातीच्या काळात काही लोकांना नसलेल्या हातात आग व्हायची. खटले झाले. मग कंपनीनं विचार केला असणार, बधिर हातावर कुणी खटला भरत नाही.”

फैयाज सरांच्या स्वतःच्या हातावर पालवी नावाची दुसरी प्रणाली होती. पुण्यातल्या, कोचीतल्या आणि आणखी कुठकुठल्या लोकांनी नोकऱ्या सांभाळून ती लिहिली होती आणि ती फुकट होती. तिनं तीनशेच्या तीनशे संवेदक जागे केले होते. आग होऊ नये याचीही सोय तिच्यात होती आणि गेल्या चार वर्षांत कुणाला झालीही नव्हती.

“मग सगळे हीच का नाही वापरत?” केतकीनं विचारलं.

सर हसले. “तुम्ही नमुना घेता, तो नोंदवता कशानं?”

“हातातल्या ॲपनं. यंत्राच्या हातानं रुग्णाला हात लावायचा तर ते लागतंच. विम्याचा नियम आहे.”

“ते ॲप पालवीवर नाही. स्कूटरचं नाही. पैसे द्यायचं नाही. सरकारी कार्यालयाच्या दाराचं नाही. ॲप बनवणाऱ्यांना विचारलं, तर म्हणतात, तुमच्याकडे माणसं कुठायत? आणि माणसांना विचारलं तर म्हणतात, तुमच्याकडे ॲप कुठायत? माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही. तुमच्या नमुन्याच्या ॲपवाल्यांनी मला लिहून दिलंय. पाच हजार हात आणा, मग बघू. राज्यात आम्ही दोनशे बारा आहोत.”

“तुमचं कसं भागतं?”

“मी मास्तर. माझा हात खडू धरतो. खडूला ॲप लागत नाही.”

त्यांनी एक वाट सुचवली. हातात दोन्ही प्रणाली ठेवायच्या. कामावर ऑर्टेला, घरी पालवी. एकीतून दुसरीत जाताना हात बंद करून पुन्हा सुरू करायचा. त्याला अकरा मिनिटं लागत. तेवढा वेळ हात निव्वळ वजन असे.

पहिला आठवडा बोटांत मुंग्या होत्या, बाकी काही नाही. मेंदूला ही भाषा शिकायला वेळ लागणार, असं सरांनी सांगितलंच होतं. केतकी रोज संध्याकाळी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन वाळू, लोकर, काच, पाणी यांत बोट बुडवी आणि वहीत शून्य लिही. नवव्या दिवशी तिनं सहज डाव्या तर्जनीनं आपलं उजवं मनगट दाबलं. बोटाखाली काहीतरी आलं आणि गेलं. परत आलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक मिनिट ती हलली नाही.

“काय वाटतंय?” सरांनी विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर,” केतकी म्हणाली.

*

घरी तिचा नवरा हर्षद सुरुवातीला खूश झाला. केतकी तूरडाळ धुताना त्यातला खडा न बघता बाहेर काढे. त्याच्या सदऱ्याची उसवलेली शिवण तिला अंधुक उजेडात सापडे. रोज जेवणानंतर ती त्याचा हात पुढ्यात घेऊन शिरा शोधत बसे.

“लग्नाला नऊ वर्षं झाली,” तो म्हणे. “इतक्या प्रेमानं कधी हात धरला नव्हतास.”

“हलू नकोस. ही आतली शीर आहे.”

“आतली म्हणजे? बाहेरची कुणाची आहे?”

पण पालवी चालू असताना स्कूटर सुरू होत नसे. यंत्राच्या हाताच्या माणसाला ती चालवायची, तर हातातल्या ॲपनं ब्रेकची हमी द्यावी लागे. म्हणून संध्याकाळी भाजीला जायचं तर हर्षदनं न्यायचं. सुट्टीच्या दिवशी तिच्या आईकडे जायचं तर हर्षदनं न्यायचं. वीज मंडळातून तो दमून येई आणि परत हेल्मेट उचली.

“तुझा हात आला आणि माझे पाय गेले,” एकदा तो म्हणाला. हसतच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून केतकीनं भाजी कामावरून येतानाच आणायला सुरुवात केली, ऑर्टेला चालू असतानाच. वांगी आणि काकडी बोटांना सारखीच लागत. ती डोळ्यांनी निवडून घेई. मग हळूहळू आईकडे जाण्याचा दिवस ऑर्टेलाचा झाला. बँकेत जायचा दिवस ऑर्टेलाचा झाला. पालवीला रात्रीच्या जेवणापासून झोपेपर्यंतचा वेळ उरला.

सहाव्या आठवड्यात डाळ तिच्या बोटांना कापसासारखी लागू लागली. कामावर तिच्या हातून एक नळी सुटून फुटली. ती सुटते आहे हे तिला फुटल्यावर कळलं.

“दिवसातून दोनदा भाषा बदलते आहे,” फैयाज सर म्हणाले. त्यांनी तिचे मोजमापाचे कागद पुढेमागे लावून पाहिले. “हाताचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग कंटाळलाय. तो दोन्ही विसरायला लागलाय. मला वाटलं होतं जमेल. माझा अंदाज चुकला.”

“किती दिवस आहेत?”

“महिनाभर असं चाललं, तर दोन्हीकडे बधिर व्हाल. एक धरा, केतकी मॅडम.”

तिनं नमुन्याच्या ॲपवाल्यांना पत्र लिहिलं. आपण काय करतो, बोटानं सापडणारी शीर आणि उजेडात दिसणारी शीर यांत काय फरक असतो, हे तिनं एका पानात नीट मांडलं. चार दिवसांनी उत्तर आलं. आपली सूचना नोंदवली आहे. सध्या पाठिंबा असलेल्या प्रणाली: एक.

*

नरसम्मांचं चौथं केमो त्या मंगळवारी होतं. औषधं मिसळण्याची खोली आठवड्यातून एकदाच, मंगळवारी चाले आणि रक्ताचा आकडा अकराच्या आत तिथल्या यंत्रणेत गेला नाही, तर त्या रुग्णाचं औषध बनत नसे. सव्वानऊला केतकीनं पहिली टोचणी केली, साडेनऊला दुसरी. दोन्ही कोरड्या गेल्या. जांघेतून रक्त काढणारे डॉक्टर शस्त्रक्रियागृहात होते. एक वाजेपर्यंत बाहेर येणार नव्हते.

“राहू दे मग,” नरसम्मा म्हणाल्या. “घरी जाते. मरायलाबी नंबर लावायचा म्हंजे काय.”

“मावशी, इकडे या. आतल्या खोलीत.”

केतकीनं दार लोटून घेतलं आणि हात बंद केला. अकरा मिनिटं दोघी समोरासमोर बसल्या. नरसम्मांनी आपल्या धाकट्या सुनेची चहाडी सांगितली. मग पालवी सुरू झाली.

तर्जनी आता पूर्वीइतकी बोलत नव्हती, पण अजून मुकी झालेली नव्हती. केतकीनं कोपर सोडून दिलं आणि मनगटापासून चार बोटं वर, हाताच्या कडेनं, जिथं हिरव्या उजेडात कधी काही दिसलं नसतं, तिथं ती हळूहळू चाचपत गेली. एकदा काहीच नाही. परत तीच जागा. खोल कुठेतरी दोरा भिजवून ठेवावा तसं काहीतरी दबलं आणि वर आलं. तिनं बोट तसंच ठेवलं, उजव्या हातानं सुई घातली. नळीत रक्त चढलं.

“सापडलं?” नरसम्मांनी डोळे उघडले.

“सापडलं.”

“बोटानं?”

“बोटानं.”

नरसम्मा मोठ्यानं हसल्या. नळी भरेपर्यंत हसत होत्या.

लातूरला पदविका करताना केतकीला जो पहिला नियम शिकवला होता, तो असा: आधी रक्त, मग नाव. रिकाम्या नळीवर नाव लिहायचं नाही, कारण नाव लिहिलेली रिकामी नळी चुकून दुसऱ्याच्या रक्तानं भरू शकते. रक्त घ्या, आणि रुग्णाच्या समोरून न हलता नाव लिहा. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. म्हणून तिनं आता पुन्हा हात बंद केला, ऑर्टेला सुरू होईपर्यंत नळी उजव्या हातात धरून ठेवली, आणि मग ती डाव्या बोटानं नळीला नाव द्यायला गेली.

नळीच्या तळाशी चिप होती. ती रिकामी असतानाच जागी करावी लागे. मग नळीतली पोकळी मोडून रक्त शिरलं की चिप ती वेळ टिपे आणि सुई टोचणाऱ्याची खूण शेजारी लावी. ऑर्टेला चालू असताना बोट नळी उचलतानाच हे परस्पर करून टाकी, त्यामुळे नव्या नळ्यांनी जुना नियम उलटा केला आहे, हे केतकीला कधी कळलंच नव्हतं. भरल्यानंतर जागी झालेली नळी यंत्राच्या लेखी कुणाचीच नव्हती. पडद्यावर शब्द आला: बेवारस.

विभागप्रमुख चौगुले सरांनी नळी तीनदा यंत्रात घातली. तिन्ही वेळा यंत्रानं ती बाहेर ढकलली.

“सर, रक्त त्यांचंच आहे. मी काढलंय. वेळ मला माहीत आहे.”

“मलाही माहीत आहे गं,” चौगुले म्हणाले. “आपल्याला माहीत असून काय उपयोग?”

दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. चौगुल्यांना निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यांनी कपाटातून जुना सूक्ष्मदर्शक काढला, त्याच्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सोडली, काचेवर एक थेंब घेतला आणि चौकोनाचौकोनातल्या पेशी मोजायला सुरुवात केली. ते हे काम पंधरा वर्षांनी करत होते आणि मोजताना ओठ हलवत होते. त्यांनी दोनदा मोजलं. चार हजार एकशे. केमो देण्याइतक्या पांढऱ्या पेशी होत्या. त्यांनी कागदावर आकडा लिहिला, खाली सही केली आणि स्वतः जिना उतरून औषधांच्या खोलीत गेले.

अकराला पाच कमी असताना ते परत आले. कागद त्यांच्या हातातच होता.

“कागदावरून आकडा घेता येत नाही म्हणतात. त्यांच्या यंत्रणेत तशी जागाच नाही.”

“आता परत काढू?”

“शीर राहिली आहे का?”

शीर राहिली नव्हती. टोचलेल्या जागी काळानिळा फुगवटा आला होता.

“आकडा चांगलाय ना?” बाहेरच्या बाकावर बसलेल्या नरसम्मांनी विचारलं. “मग झालं की. पुढच्या मंगळवारी येते.” आणि शेजारच्या बाईला त्या सांगू लागल्या, “हिच्या बोटात जीव आला बघ. पहिल्या टोचणीला काढलं.” आठवडा गेल्यानं काय बिघडतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या गळ्यातली गाठ हाताला लागत होती.

*

दुपारी केतकीच्या हातातलं नमुन्याचं ॲप आपोआप बंद झालं. रुग्णाजवळ असताना हात अनोळखी प्रणालीत गेल्याची नोंद त्याला मिळाली होती. व्यवस्थापनाचं पत्र सभ्य होतं. दोन पर्याय दिले होते. कंपनीच्या केंद्रात जाऊन हातातली दुसरी जागा, म्हणजे पालवीची, कायमची बंद करून घ्यावी. नाहीतर नोंदणीच्या खिडकीवर काम करावं. पगार तोच राहील.

“यात विचार काय करायचाय?” हर्षद म्हणाला. “खिडकीवर बस. हात जिवंत राहतो, पगार राहतो. आणखी काय पाहिजे? आणि ने-आण करायला मी आहे. परवा बोललो ते चेष्टेत बोललो होतो.”

“माहीत आहे.”

“मग?”

“बघते बसून.”

ती खिडकीवर बसली. आता दिवसभर पालवीच होती आणि तिसऱ्या दिवसापासून बोटं पुन्हा बोलू लागली. तिला कागदाची गुळगुळीत बाजू आणि खरखरीत बाजू कळे. आधार कार्डाच्या कडेवरचे ओरखडे कळत. काउंटरच्या लाकडात एक बारीक भेग होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती. बोट दिवसातून पन्नास वेळा त्या भेगेवर जाई. रुग्ण कागद घेऊन आत जात, आणि दहा मिनिटांनी हाताला कापूस दाबून बाहेर येत.

पुढच्या मंगळवारी नरसम्मांना परत जांघेतूनच रक्त काढावं लागलं. त्यांचा आवाज खिडकीपर्यंत आला. केतकी जागेवर बसून राहिली. ती आत असती तरी पालवीचं बोट लावू दिलं नसतं आणि ऑर्टेलाच्या बोटाला काही सापडलं नसतं.

गुरुवारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांना मिळून चार ठिकाणी कापूस होता.

“किती वेळा टोचलं?” केतकीनं विचारलं.

“चार. तुम्ही का नाही आत? आई सांगत होती, तुमच्याकडूनच काढून घे म्हणून.”

मुलीच्या हातावरच्या शिरा काउंटरच्या पलीकडूनही दिसत होत्या. हिरव्या उजेडात त्या रस्त्यासारख्या दिसल्या असत्या. केतकीच्या जागी आलेल्या नव्या माणसानं सुईचा कोन चुकवला होता, एवढंच.

त्या संध्याकाळी केतकी फैयाज सरांकडे गेली.

“दिवसाला साठ जण येतात,” तिनं सांगितलं. “त्यातल्या एकाचीच शीर बोटाशिवाय सापडत नाही. एकोणसाठ जणांना मी बधिर हातानं एका टोचणीत मोकळं करते.”

“आणि तुम्ही?”

केतकीनं टेबलावर पडलेली खडूची पूड डाव्या बोटानं चाचपली.

“थोडं थांबा,” सर म्हणाले. “आकडा वाढतोय. तुमच्यासारखी एक जरी व्यक्ती, दवाखान्यात काम करणारी, पालवीवर टिकली, तर त्यांना सांगता येतं मला. प्रत्येक जण सोडून गेला तर हे कधीच होणार नाही. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

“कळतंय. तुमचं बरोबरच आहे.”

“मग?”

“तुमची नोकरी तुमच्या हाताला काही विचारत नाही, सर. माझी विचारते.”

फैयाज सरांनी खडू खाली ठेवला. त्यांनी संगणक उघडला, राज्याच्या यादीतल्या तिच्या नावासमोर काहीतरी लिहिलं आणि तिला चहा विचारला. ती चहा प्यायली. कप डाव्या हातात धरला होता. तो फार गरम होता, तरी तिनं हात बदलला नाही.

कंपनीच्या केंद्रातलं काम सोमवारी सकाळी झालं. तिथल्या मुलीनं हात बंद केला, दुसरी जागा पुसली आणि तिच्यावर कायमचं कुलूप घातलं. मग हात सुरू झाला. “काही त्रास?” असं तिनं विचारलं. केतकीनं बोटं मिटली, उघडली. काही त्रास नव्हता.

*

सव्वा महिन्यानं नरसम्मा पाचव्या केमोला आल्या, तेव्हा त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली नवी नळी बसलेली होती. आता हाताची शीर शोधायची गरजच उरली नव्हती. केतकीनं नळीच्या तोंडाला सुई लावली, डाव्या बोटानं रक्ताची नळी उचलली, चिप जागी झाली, रक्त आलं. सगळं दोन मिनिटांत आटोपलं.

“झालं?” नरसम्मांनी विचारलं. “एवढंच? मग एवढे दिवस कशाला भोसकालीस?”

“तेव्हा ही नळी नव्हती ना, मावशी.”

नरसम्मा उठल्या नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“ते चौगुले सर म्हनले, तुला कंपनीत बोलावलेलं. माझ्यापायी.”

“तुमच्यापायी नाही. कागदपत्रं होती.”

“खरं सांग. बोट गेलं का परत?”

“नाही हो.”

“नाय कसं? बघू.”

त्यांनी केतकीचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि तर्जनी आपल्या दोन बोटांमध्ये धरली, पान वळायच्या आधी धरत असतील तशी. मग दाबली. केतकी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणून तिनं खाली पाहिलं. नरसम्मांची नखं पांढरी पडली होती, अंगठ्याचं पेर थरथरत होतं. म्हणजे जोर बराच असणार.

“आई गं,” केतकी म्हणाली. “हळू की, मावशी. दुखतंय.”

नरसम्मांनी झटकन हात सोडला. त्यांचं सगळं तोंड हसू लागलं. त्यांनी आपल्या पदरानं ते बोट पुसलं, त्याच्यावर फुंकर घातली, आणि मग काठी घेऊन उठल्या. दारातून बाहेर जाता जाता बाकावरच्या बायकांना काहीतरी सांगितलं. बायकांनी आत डोकावून पाहिलं.

केतकीनं टेबल पुसून घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला.